चौथी पास

अल्लीपूरच्या बाजारात रज्जाकभाई लांबूनच हाक मारतात,
"मॅडम, तुमची चिलीम आली."
चिलीम म्हणजे इंजीन. खेळण्यातलं, वाफेवरचं.
नऊ वर्षं झाली, ते अजून चिलीमच म्हणतात
आणि तागडीत टाकतात, पितळेच्या भावानं.

मी शाळेतली प्रयोगशाळा परिचर.
लिटमस, चंचुपात्रं, हाडांचा एक सापळा,
मुलं त्याला हेडसर म्हणतात.
घरी शिलाई मशीनखालच्या खणात अकरा इंजिनं.

ओळखायचं कसं, ते सांगते.
आधी लोहचुंबक. चिकटला, तर मागाहून कुणीतरी हात फिरवलाय.
मग स्क्रूच्या डोक्यावरची खाच:
बरोबर मधोमध असली तर कारखाना,
केसभर सरकलेली असली तर माणूस.
मग नाक. बर्नरच्या वातीत जुन्या स्पिरिटचा वास
चाळीस वर्षं बसून राहतो, चुलतसासऱ्यासारखा.
रंग पाहायचा तो ओल्या कापसानं, नखानं नाही.
हिरव्याखाली लाल, लालखाली
परदेशातला कुठलासा काळा, ज्याला आपल्याकडे नाव नाही.
आणि चिंच? चिंच कधीच नाही.
सातवं इंजीन नणंदेनं दिवाळीच्या भांड्यांत घासलं,
लखलखीत केलं,
आणि त्याच्या अंगावरची सगळी सालं निघून गेली.

हे बारावं मात्र कुठल्याच खुणेला बधेना.
पंखवालं चाक नाही, गुंफलेली अक्षरं नाहीत.
बॉयलरचा पत्रा खेळण्याला न शोभेल इतका जाड,
खरा बॉयलर फुटताना ज्यानं पाहिला असेल
त्यानंच निवडावा, असा.
फ्लायव्हील म्हणजे जिनिंगमधल्या व्हॉल्व्हची मूठ.
दट्ट्या चालतो फाउंटन पेनच्या टोपणात.
आठही स्क्रू केसभर सरकलेले.

रात्री तळ उलटा केला, बॅटरी आडवी धरली.
कापसाच्या गाठींवर असतात तसल्या अक्षरांत ठोकलेलं:
गं. ना. कडून चि. बेबीस. चौथी पास.

गं. ना. सापडेना.
हिंगणघाटची ती जिनिंग आता मंगल कार्यालय आहे,
हजेरीचं मस्टर वाळवीनं वाचलं.
म्हणून मी बेबी शोधायला निघाले.
राशन कार्डावर कुणी कलावती, कुणी शेवंता,
पण गावात मरेपर्यंत बेबीच.
पाच बेबींनी मान हलवली.
एकीला वाटलं मी जनगणनेची,
तिनं गाईसकट सगळी माणसं मोजून दाखवली.

सहावी, बेबीबाई नन्नावरे, तुरीच्या शेंगा सोलत होती.
तिनं इंजीन हातावर तोललं, कानाशी हलवलं.
"माह्यं नाही बाई हे. मी तिसरीतच नापास.
बाप माहा कोतवाल, तो कायले बनवीन असं?"
मग जरा थांबून,
"चालते काय पण?"

माझं स्पिरिट संपलेलं.
बेबीबाई आत गेली, तांदळाच्या पिंपामागून
खोकल्याच्या औषधाची एक शिशी घेऊन आली.
आमचा जिल्हा बंदीचा,
त्यामुळे शिशीत काय होतं ते मी सांगत नाही.
ज्योत निळी, धूर अजिबात नाही.
वास मात्र अंगणभर झाला,
आणि समोरच्या पोलीस पाटलानं मुकाट्यानं खिडकी लावून घेतली.

चार मिनिटं काहीच नाही.
शेळी येऊन पाहून गेली.
मग मूठ थरथरली, अडली,
मी बोटानं जरासा धक्का दिला
आणि सुटलंच ते,
टकटकत, ओट्यावरून सरकत, सुपातल्या शेंगांकडे.
शिट्टी वाजली तशी बेबीबाईनं तोंडावर पदर घेतला.
पाणी आटल्यावर म्हणाली, "अजून एक खेप."

वहीतली नोंद:
क्रमांक बारा. बनवणारा गं. ना.
मालकीण सापडली नाही, शोध चालू.
चिंच लावलेली नाही.
इंधन स्थानिक.
खेपा तीन. साक्षीदार
बेबीबाई नन्नावरे, तिसरी नापास.